घराचा फोन आणि खिशातला फोन

घरात आता फोन कशाला हवा, हा प्रश्न मला दर दिवाळीला ऐकावा लागतो. विचारणारा माझा पुण्याचा भाचा. पोरगा गुणाचा आहे, येताना माझ्या बीपीच्या तीन महिन्यांच्या गोळ्या न विसरता आणतो. पण ओसरीतल्या फोनकडे बोट दाखवून "मामा, हे डबडं काढून टाका ना आता, कोण वापरते हे?" असं तो म्हणाला की माझं डोकं सणकते. त्याच्या मागून दुसरे येतात, ते उलट्या बाजूचे. नोकरीतून निवृत्त होऊन नागपूर-चंद्रपुरात बसलेले. त्यांचं म्हणणं, काय ते दिवस होते, काय ती घंटी, आता माणुसकी राहिली नाही. माझं भांडण दोघांशीही आहे. एकाला फोन म्हणजे निव्वळ सोय वाटते, दुसऱ्याला निव्वळ आठवण. आमच्या नागभीड-मूल रस्त्यावरच्या गावात तो या दोन्हींपैकी काहीच नव्हता.

मी बोलतो ते हक्काने बोलतो. १९९४ ते २००९ अशी पंधरा वर्षं मी एसटीडी बूथ चालवला. लहानपणी पोलिओने डावा पाय गेलेला, त्यामुळे रोवणी-चुरणा माझ्या नशिबी नव्हता. बूथ देताना अपंगांना प्राधान्य असे, त्यात माझा नंबर लागला. पिवळी पाटी, काचेची खोली, आत स्टूल, बाहेर माझं टेबल आणि त्यावर लाल आकडे पळवणारं मीटर. माणूस आत बोलत असे आणि डोळे मीटरवर ठेवत असे. रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा, म्हणून दूरच्या बोलण्याची गर्दी अकरानंतर. माझी बायको त्या वेळी चहा ठेवायची, त्याचे पैसे कधी मिळाले, कधी नाही.

बूथचा खरा धंदा बोलण्याचा नव्हता, निरोपाचा होता. आमच्याकडची माणसं पौषानंतर मिरची तोडायला खम्मम-वरंगलकडे जात, आजही जातात. धानाचं एक पीक निघालं की इथं हाताला काम नाही, आणि तिकडे मिरची पिकून लाल झालेली. तिकडच्या एखाद्या बूथवरून फोन यायचा, "भाऊ, मंगळवारी सात वाजता करतो, माह्या बायकोले बसवून ठेव." मंगळवारी पावणेसातला ती बाई पोराला काखेत घेऊन ओट्यावर. फोन आला की पहिला अर्धा मिनिट कुणी बोलतच नसे. मग ती ओरडायची, "हाव, आयकू येते, आयकू येते!" वडश्याच्या नाटक कंपन्यांची बोलणीही माझ्याच टेबलावरून होत. मंडईच्या रात्री नाटक ठरवायचं तर कंपनीच्या ऑफिसला फोन लावून तारीख पक्की करायची, नाहीतर शेजारचं गाव तीच तारीख उचलायचं. मयतीचे निरोपही मीच पोचवले. पाय ओढत, टोलीपर्यंत.

हे वाचून निवृत्त मंडळी खूश झाली असतील. त्यांनी थांबावं. कारण माझ्या बूथच्या आधीचा काळ मला आठवतो. गावात दोनच फोन होते, दोन्ही मोठ्या वाड्यांत. टोलीतल्या माणसाला फोन आला तर तो अंगणात उभा राहायचा, ओसरी चढायचा नाही. बोलणं सगळ्या वाड्याने ऐकायचं. पोरीचं लग्न मोडलं तरी ते तिथंच, सगळ्यांसमोर ऐकायचं. ज्यांच्या ओसरीत तो फोन होता त्यांना त्या काळची माणुसकी आठवते, अंगणात उभं राहणाऱ्याला वेगळं काही आठवते. माझ्या बूथला काचेची खोली होती आणि तिचं दार आतून लागायचं. गावातली पुष्कळ माणसं आयुष्यात पहिल्यांदा तिथं एकट्याने, कुणी न ऐकता बोलली. फोनची किंमत मला कळली ती तिथं.

आणि वैनगंगेच्या पलीकडचं काय? गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८४ साली, सी-डॉट ही संस्था निघाली. सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने तिथल्या इंजिनिअरांनी १२८ लाइनचं छोटं ग्रामीण एक्सचेंज तयार केलं, धूळ खाणारं, उन्हाळा सोसणारं, एसीची खोली न मागणारं. १९८६ मध्ये पहिलं कर्नाटकात कित्तूरला बसलं. आमच्या ४७-४८ अंशांच्या उन्हाळ्यात चालणारं यंत्र कुणीतरी मुद्दाम बनवलं, हे मला अजूनही मोठं काम वाटते. पण एक्सचेंज आलं म्हणजे तार आली असं नव्हे. एटापल्ली, भामरागडच्या आतल्या माडिया पाड्यांत तांब्याची तार कधी गेलीच नाही. खेड्यांसाठी रेडिओवर चालणारे ग्रामपंचायतीचे फोन काढले होते, त्यांतले कितीतरी बंद पडले ते बंदच राहिले. तिथल्या माणसाने पहिला फोन पाहिला तो थेट मोबाइल. त्याच्यापुढे जाऊन 'लँडलाइनचे ते सोन्याचे दिवस' म्हणून दाखवा, तो हसेलही नाही.

म्हणून मला तांब्याच्या तारेसाठी रडायचं नाही. तिचं नेमकं काय उपयोगाचं होतं ते वेगळं काढायचं आहे. म्हैस म्हातारी झाली म्हणून आपण दावं टाकून देत नाही.

पहिली गोष्ट, तो फोन घराचा होता. खिशातला फोन माणसाचा असतो आणि माणूस उठून जातो. आमच्या गावात एका घराला फोन एक असेल तर तो कुणाच्या खिशात असतो? घरधन्याच्या. तो सकाळी सातला बांधीवर जातो, फोन त्याच्यासोबत जातो. घरी राहते बुडी, सून आणि पोट्टे. म्हणजे गणतीत घराकडे फोन आहे, आणि दिवसभर घरात फोन नाही. शेजारच्या बुडीला एका रोवणीच्या दिवसांत सांदवाडीत साप चावला. पोरगा फोन घेऊन बांधीवर, तिथं रेंज नाही. सून अनवाणी धावत माझ्या ओसरीत आली, तिने माझ्या फोनवरून १०८ लावला. बुडीला सिंदेवाहीला नेलं, लस मिळाली, वाचली. अजून मला शिव्या घालते, माझ्या बकऱ्या तिच्या वांग्यांत जातात म्हणून. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग सुनेलाही एक मोबाइल घेऊन द्या ना." घेऊन द्या! रिचार्ज कोण मारणार? आणि घरात दुसरा फोन आला की तो सुनेच्या हातात किती दिवस राहतो, हे त्याने एकदा येऊन बघावं. पोट्टा दहावीत गेला की तो फोन त्याचा.

दुसरी गोष्ट नंबरची. २०२० चा एप्रिल आठवा. टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या दोन्ही जिल्ह्यांतली मिरचीला गेलेली माणसं तेलंगणात अडकली होती. कितीतरी लोक उन्हातान्हात पायी निघाले. त्या दिवसांत एका रात्री माझा घरचा फोन वाजला. टोलीतला माणूस होता, आवाज बसलेला. त्याच्या मोबाइलची बॅटरी संपली होती आणि चार्ज करायला कुठे थांबू देत नव्हते. कुण्या शेतकऱ्याने दया येऊन आपला फोन त्याच्या हातात दिला. आता लावायचा कुणाला? बायकोचा नंबर, भावाचा नंबर, सगळे बंद पडलेल्या मोबाइलमध्ये. डोक्यात नंबर एकच होता, माझ्या बूथचा, जो पुढे माझ्या घराचा झाला. वीस वर्षांपूर्वी पाठ केलेला. "भाऊ, घरी सांगजो, सात जणं हाओत, नदीपातूर आलो." एवढंच. फोन ठेवला. मी त्या रात्री सात घरांची दारं वाजवली. ते पोचले चौथ्या दिवशी, आणि शाळेत विलगीकरणात बसले, पण घरच्यांना ते जिवंत असल्याचं माहीत होतं. मोबाइल वाईट आहे असं मी यावरून म्हणत नाही. पण जो नंबर कुणाला पाठ नाही तो नंबर अडचणीत तुमचा नसतो, आणि माणसाला जेमतेम एक-दोन नंबर पाठ राहतात, तेही वर्षानुवर्षं न बदलणारे, भिंतीवर गेरूने लिहिलेले.

तिसरी गोष्ट विजेची, आणि ही फार थोड्यांना ठाऊक असते. जुन्या फोनला घरच्या विजेची गरजच नव्हती. एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा प्रवाह त्याच दोन तारांतून घरापर्यंत यायचा. वादळात गावचे खांब झोपले, दोन दिवस अंधार असला, तरी तार शाबूत असेल तर फोन चालू. आता 'लँडलाइन' म्हणून जी विकतात ती काचेच्या तंतूची. बोलणं स्वच्छ, इंटरनेट जोरात, सगळं मान्य. पण भिंतीवरचा तिचा डबा घरच्या प्लगवर चालतो. लाइट गेली की डबा मेला, डबा मेला की फोन मेला. मग टॉवर आहे म्हणता? त्याचीही बॅटरी काही तासांची. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. कोळसा आमचा, राख आमची, धूर आमचा, आणि मृगाच्या पहिल्या वाऱ्याला रात्रभर अंधारही आमचाच. जी वस्तू पावसाळ्यात वीज मागते ती आमच्यासाठी अर्धीच वस्तू आहे. २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटेने भामरागडला पुन्हा पुन्हा वेढलं, रस्ता तुटला. बाकी सगळं तुटलेलं असते तेव्हाच तर फोन हवा असतो.

माझा स्वतःचा तांब्याचा फोन २०२१ मध्ये गेला. रस्ता रुंद करताना जेसीबीने केबल उपटली. कुणाच्या जेसीबीने, कुणाच्या परवानगीने, यात मी पडत नाही. जोडायला कुणी आलं नाही. येणार तरी कोण? त्याच्या आदल्याच वर्षी, ३१ जानेवारी २०२० ला, बीएसएनएलचे देशभरातले ७८ हजारांवर कर्मचारी एका दिवशी स्वेच्छानिवृत्तीने घरी गेले होते. ज्याला जमिनीखालची जोडणी कुठे आहे हे न बघता सांगता यायचं, असा माणूस त्यांच्याबरोबर गेला. त्याच सुमारास, १५ जानेवारी २०२१ पासून, लँडलाइनवरून मोबाइल लावायचा तर आधी शून्य फिरवा असा नियम आला. गावातल्या बुड्यांना तो कुणी सांगितला नाही. नंबर लावला की एक बाई काहीतरी बोलायची आणि फोन कटायचा. "पोरगा रागावला वाटते, बाईले बोलाले लावते," असं एक आजी मला म्हणाली.

आता टचस्क्रीनकडे वळतो. भाच्याने मला टॅब दिला आहे. "घरी ठेवा, सगळ्यांना वापरता येईल." चांगला विचार, घराचं यंत्र म्हणून. आणि मी त्याला नावं ठेवणार नाही, कारण त्या काचेने काही कामं अशी केली जी माझ्या बूथने जन्मात केली नसती. ज्याला अक्षर येत नाही तो बटण दाबून आवाजी निरोप पाठवतो, मराठीत, गोंडीत, माडियात, त्याला कुणी लिहून द्यावं लागत नाही. गावातला एक मुका पोरगा पडद्यावर हातवारे करून आपल्या बहिणीशी तासभर बोलतो. मिरचीवाल्याची बायको आता नवऱ्याचं तोंड पाहते. वीज पडण्याचा इशारा देणारं 'दामिनी' पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने काढलं आहे, ते कामाचं आहे. २०१४ साली केंद्राने नक्षलग्रस्त दहा राज्यांसाठी २,१९९ टॉवर मंजूर केले, त्यांतले गडचिरोलीतही आले. २०२२ मध्ये त्यांचं फोर-जी करायचं ठरलं. हे सगळं व्हायलाच हवं होतं.

पण काच कुणाचा हात ओळखते? तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटेपासून पानं तोडून मुडके बांधणाऱ्या बाईचा अंगठा बघा. चिकाने काळा, भेगा पडलेला. राशनच्या मशीनवर तो अंगठा पाच वेळा लागत नाही. टॅबच्या काचेला तिचं बोट लागूनही लागत नाही, आणि रोवणीतून आलेल्या ओल्या हाताला ती काच भलतंच काही उघडून दाखवते. जुन्या फोनचं बटण खाली जायचं, दाबलं की दाबलं. डोळ्याने अधू असलेल्या बुड्याला पाचच्या बटणावरचा ठिपका चाचपून नंबर लावता यायचा. काचेवर चाचपायला काही नाही.

तरीही घरातल्या घरात काच ठेवा की नको, हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझा राग आहे तो काच सक्तीची करणाऱ्यांवर. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरची हजेरी ॲपवर घ्यायची, दिवसातून दोनदा फोटो काढून. ज्या तलावाच्या पाळीवर रेंज नाही तिथं माणूस माती उचलतो, घाम गाळतो, आणि फोटो चढला नाही तर मजुरीसाठी भांडत बसतो. त्याचं काम फावड्याने झालं, मजुरी अडली काचेत. २०२१ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी ताईंनी सरकारी मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन निकामी, ॲप इंग्रजीत, आणि दुरुस्तीचा खर्च ताईच्या पदरचा. तेव्हा शहरातले लोक म्हणाले, यांना तंत्रज्ञान नको आहे. या बायांना तंत्रज्ञान नको असतं तर त्या पोरांची वजनं कशाला करत बसल्या असत्या? त्यांना चालणारं तंत्रज्ञान हवं होतं, एवढीच त्यांची चूक.

आणि याच्याही वर कार्यालयांचे फोन. इथं माझा आवाज चढतो, चढू द्या. आमच्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली पट्ट्यात मोहफुलं वेचायला पहाटे जाणाऱ्या माणसाला वाघाचं भय रोजचं आहे. माणूस घरी आला नाही तर फोन कुणाला करायचा? पाटीवर एक नंबर असतो. तो लावा, वाजतच नाही. मग कुणीतरी सांगते, साहेबांचा मोबाइल घे. साहेबांची बदली झालेली असते, नंबर साहेबांसोबत गेलेला. नव्या साहेबांचा नंबर फक्त सरपंचाकडे, आणि सरपंच लग्नाला गेलेला. आमच्या गावाने एकदा एका माणसासाठी अर्धी रात्र अशी काढली. तो सापडला, जखमी होता, जगला. पण त्या रात्री आम्ही जे सहा-सात नंबर लावत होतो ते सगळे माणसांचे नंबर होते. खुर्चीचा नंबर एकही नव्हता. कार्यालयाचा फोन खुर्चीचा असतो, त्यावर कुणीही बसो. तो काढून साहेबाच्या खिशात घातला की कार्यालयच त्याच्याबरोबर जेवायला, झोपायला आणि बदलीवर जाते.

लोकांना वाटते, मी जुनं परत आणा म्हणतो. मुळीच नाही. माझ्या ओसरीतलं आत्ताचं 'डबडं' म्हणजे सिमकार्डवर चालणारा टेबलफोन आहे. बाजारात मिळतो. मोठी बटणं, कडक घंटी, आत बॅटरी, लाइट गेली तरी चालतो, आणि दोरीने खिडकीच्या गजाला बांधला आहे म्हणजे कुणी खिशात घालून नेत नाही. नंबर बाहेरच्या भिंतीवर लिहिला आहे, हातभर मोठा. पोट्ट्यांनी त्याचं गाणं केलं आहे, शाळेत जाताना म्हणतात, त्यामुळे आपोआप पाठ झाला. टॅब आत कपाटावर असतो, रविवारी निघतो. दोघांचं काम वेगळं आहे आणि दोघांचं भांडण नाही. भांडण भाच्याचं आणि माझं आहे. तो म्हणतो, हा फोन महिन्यातून चार-पाचदा वाजतो, त्यासाठी रिचार्ज कशाला? मी त्याला विचारलं, तुझ्या सोसायटीत आग विझवायचे लाल सिलिंडर लावले आहेत, ते महिन्यातून किती वेळा वाजतात? त्यावर तो हसला, पण उत्तर दिलं नाही.

आता ग्रामसभेसमोर मी एक अर्ज ठेवला आहे. उपकेंद्र, अंगणवाडी आणि शाळा, तिन्ही ठिकाणी असाच एकेक टेबलफोन बसवावा, सिम ग्रामपंचायतीच्या नावावर, रिचार्ज पंचायतीचा, नंबर भिंतीवर, आणि कुणाचीही बदली झाली तरी नंबर तिथंच. पैशाला कुणी विरोध केला नाही, खर्च आहेच किती. विरोध झाला तो, रात्री उचलणार कोण, यावर. सिस्टरबाई म्हणतात मी मुक्कामाला नसते, शिपाई म्हणतो माझी ड्युटी पाचपर्यंत. एका मेंबरने सुचवलं की रात्री तिन्ही फोन माझ्या घरी आणून ठेवावे, नाहीतरी मला झोप येत नाही. मी हाव म्हटलं नाही. उपकेंद्राचा फोन माझ्या घरी आणला तर तो पुन्हा एका माणसाचा होतो, आणि मी बहात्तरचा आहे. विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे.